एन्झाइम घडवायचे तर आधी छाननी उभी करा

केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये 'बायोई३' धोरणाला मंजुरी दिली. जैवउत्पादनाला चालना देणाऱ्या या धोरणात जैवआधारित रसायने आणि एन्झाइम यांना अग्रक्रम आहे, बायोफाउंड्री (जिवाणू व जनुके घडवून तपासण्याच्या स्वयंचलित प्रयोगशाळा) आणि जैव-एआय केंद्रे उभारण्याचा विचार आहे. दिशा बरोबर आहे. पण सार्वजनिक पैसा आपल्याकडे यंत्रखरेदीत किती सहज जिरतो हे ज्याला ठाऊक आहे, त्याला एक धास्ती वाटल्याशिवाय राहणार नाही. नमुने हाताळणारे रोबो येतील, सर्व्हर येतील, जनुके वाचायची यंत्रे येतील, आणि औषधांच्या व रंगांच्या कारखान्यांना हवे असलेले एन्झाइम मात्र तयार होणार नाहीत. एन्झाइम घडवण्यात जनुक बदलणे हा अवघड भाग नाहीच. बदललेल्या हजार नमुन्यांतून कामाचा एक ओळखायचा कसा, ही खरी अडचण आहे. ती छाननी कोणत्या पदार्थावर, किती तीव्रतेला, कोणत्या द्रावकात करायची हे सांगू शकतो तो सेंद्रिय रसायनशास्त्रज्ञ, आणि नेमके त्यालाच आपण या कामापासून लांब ठेवले आहे. म्हणून माझे म्हणणे असे की, या क्षेत्रासाठी येणारा पैसा आणि अभ्यासक्रमातली जागा सर्वांत आधी छाननीला मिळाली पाहिजे.

निर्देशित उत्क्रांतीची पद्धत सांगायला सोपी आहे. एखाद्या एन्झाइमचे जनुक घ्यायचे, त्यात मुद्दाम चुका पेरायच्या, अशी बदललेली जनुके ई. कोलाय जिवाणूत घालायची, प्रत्येक वसाहतीतून निघणारे एन्झाइम आपल्याला हव्या त्या अभिक्रियेवर तपासायचे, सर्वांत सरस ठरेल ते निवडायचे आणि त्याच्या जनुकापासून पुढची फेरी सुरू करायची. चुका पेरण्यासाठी पीसीआरमध्ये, म्हणजे जनुकाच्या असंख्य प्रती काढण्याच्या पद्धतीत, टॅक पॉलिमरेज हे प्रती काढणारे एन्झाइम वापरतात, त्यात ०.१ ते ०.५ मिलिमोलर मँगनीज क्लोराइड घालतात, मॅग्नेशियम ७ मिलिमोलरच्या आसपास नेतात आणि चार न्यूक्लिओटाइडांचे प्रमाण मुद्दाम असमान ठेवतात. एका जनुकामागे एक-दोन अमिनो आम्ले बदलतील इतपतच मँगनीज ठेवायचे. त्यापुढे गेले की बहुतेक नमुने निकामी निघतात, कारण एन्झाइम बिघडवणारे बदल सुधारणाऱ्या बदलांहून कितीतरी अधिक असतात.

कॅलटेकमध्ये फ्रान्सिस अर्नोल्ड यांनी १९९३ साली या मार्गाने सबटिलिसिन ई हे एन्झाइम ६० टक्के डायमिथाइलफॉर्ममाइडमध्ये काम करायला लावले. दहा अमिनो आम्ले बदलल्यावर त्या द्रावकातली त्याची क्रियाशीलता मूळच्या २५६ पट झाली. जर्मनीत म्युलहाइमच्या माक्स प्लांक संस्थेत मानफ्रेड रीट्झ यांनी १९९७ मध्ये दाखवले की, निवडकताही अशीच वाढवता येते. आरशातल्या प्रतिमेसारख्या दोन रूपांपैकी एकालाच पसंती देण्याचा गुण लायपेज या मेद तोडणाऱ्या एन्झाइममध्ये चार फेऱ्यांत २ टक्क्यांवरून ८१ टक्क्यांवर गेला. २०१८ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पुरस्काराचा अर्धा वाटा अर्नोल्ड यांना मिळाला. तो रसायनशास्त्राचा नोबेल होता, ही बाब आपल्याकडच्या रसायनशास्त्र विभागांनी अजून पुरेशी मनावर घेतलेली दिसत नाही.

सिटाग्लिप्टिनचे उदाहरण इथे नीट उलगडून पाहायला हवे. टाइप २ मधुमेहावरची ही गोळी आता आपल्याकडे घरोघरी आहे. भारतातले तिचे मूळ पेटंट जुलै २०२२ मध्ये संपले आणि अनेक देशी कंपन्यांच्या गोळ्या बाजारात आल्या. अमेरिकेत मर्क कंपनी तिच्यातले कायरल अमाइन (आरशातल्या दोन रूपांपैकी एकाच रूपातले अमाइन) ऱ्होडियम उत्प्रेरकाने करत असे. एनामाइनवर २५० पीएसआय दाबाखाली हायड्रोजन द्यायचा, ९७ टक्के निवडकता मिळवायची, मग स्फटिकीकरणाने ती वाढवायची आणि औषधात राहिलेले ऱ्होडियम वेगळ्या टप्प्यात काढायचे. ही पद्धतही आधीच्या मार्गाहून पुष्कळ स्वच्छ होती. तिला २००६ साली अमेरिकी अध्यक्षांच्या नावाचा हरित रसायनशास्त्र पुरस्कार मिळाला होता. त्याच औषधासाठी २०१० साली मर्क आणि कोडेक्सिस यांना पुन्हा तोच पुरस्कार मिळाला, या वेळी एन्झाइमसाठी.

सुरुवात एका ट्रान्सअमायनेजपासून, म्हणजे कीटोनवर अमाइन गट बसवणाऱ्या एन्झाइमपासून झाली. त्याच्या सक्रिय जागेत दोन खळगे असतात, एक मोठा आणि एक लहान. लहान खळग्यात मिथाइल गटापेक्षा मोठे काही बसत नव्हते. सिटाग्लिप्टिनच्या कीटोनमध्ये तर दोन्ही बाजू अवजड, त्यामुळे मूळ एन्झाइम त्याला शिवतही नव्हते. शून्याला कितीही पटींनी वाढवले तरी शून्यच राहते, म्हणजे छाननी सुरू करायलाच आधार नव्हता. संशोधकांनी मग कीटोनचा एक छाटलेला अवतार बनवला. मोठी बाजू तशीच ठेवली आणि दुसरीकडे ट्रायफ्लुओरोबेंझाइलच्या जागी नुसता मिथाइल ठेवला. यावर थोडीशी का होईना, क्रिया दिसत होती. २२३ व्या जागी सेरीनऐवजी प्रोलीन आले आणि ती क्रिया ११ पट झाली. मोठा खळगा असा मार्गी लागल्यावर लहान खळग्यातल्या काही जागा बदलून त्याला रुंद केले, आणि तेव्हा कुठे खऱ्या कीटोनवर पहिली क्रिया दिसली. तीही अशी की लिटरला १० ग्रॅम एन्झाइम घालूनही २ ग्रॅम कीटोनपैकी एक टक्कासुद्धा रूपांतरित होत नव्हता.

पुढचा प्रवास कारखान्याच्या अटींकडे होता. फेरीगणिक छाननी कडक होत गेली. कीटोनची तीव्रता वाढली, डीएमएसओ हे द्रावक ५ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर गेले, अमाइन पुरवणारे आयसोप्रोपिलअमाइन १ मोलरपर्यंत, तापमान ४५ अंशांपर्यंत आणि पीएच ८.५ पर्यंत पोचला. अकरा फेऱ्या आणि २७ बदलांनंतर लिटरला २०० ग्रॅम कीटोन ६ ग्रॅम एन्झाइममध्ये ९२ टक्के रूपांतरित होऊ लागले आणि निवडकता ९९.९५ टक्क्यांच्या वर गेली. ऱ्होडियमच्या पद्धतीशी तुलना केली तर एकूण उतारा १० ते १३ टक्क्यांनी वाढला, रिअॅक्टरच्या प्रत्येक लिटरमागे रोज मिळणारा माल ५३ टक्क्यांनी वाढला, कचरा १९ टक्क्यांनी कमी झाला आणि जड धातूचा प्रश्नच उरला नाही.

या प्रयोगातले निर्णय कोणी घेतले असतील, हे बघण्यासारखे आहे. रेणू कुठे छाटायचा, अमाइन कोणते द्यायचे, तयार होणारे अॅसिटोन नायट्रोजनच्या झोताने बाहेर काढून समतोल आपल्या बाजूला कसा झुकवायचा, कीटोन विरघळण्यासाठी द्रावक कोणते घ्यायचे, हे सगळे संश्लेषण करणाऱ्या रसायनशास्त्रज्ञाचे प्रश्न आहेत. जीवशास्त्रज्ञाने बदललेली जनुके पुरवली. वाट मात्र छाननीच्या अटींनी ठरवली.

ज्याची चाचणी घ्याल तेच हाती येईल, हा या क्षेत्रातला पहिला नियम मानला जातो आणि तो मोडण्याचा मोह सतत होतो. एस्टरेज (एस्टर तोडणारे एन्झाइम) किंवा लायपेजची छाननी करताना पॅरा-नायट्रोफिनाइल एस्टर वापरतात. एस्टर तुटला की पिवळा रंग येतो, प्लेट रीडरवर ४०५ नॅनोमीटरला वाचला की काम झाले. एका मिनिटात ९६ नमुने. पण नायट्रोफिनॉल हा सहज सुटणारा गट आहे आणि कारखान्यातल्या एस्टरमध्ये तो नसतो. चार फेऱ्या पिवळ्या रंगावर चालवल्या तर शेवटी पिवळा रंग लवकर देणारे एन्झाइम मिळते, आणि खऱ्या एस्टरवर ते मूळच्याइतकेच किंवा त्याहून वाईट असू शकते. तापमान आणि द्रावकाचेही तसेच. पाण्यात, ३० अंशांना, लिटरला १ ग्रॅम पदार्थावर निवडलेले एन्झाइम २०० ग्रॅमवर गेले की उत्पादनाच्या गर्दीनेच थंडावते, कारण उत्पादन त्याच्या सक्रिय जागेत अडकून बसते आणि छाननीत ही परिस्थिती कधी आलेलीच नसते.

छाननीतली गडबड किती लहान गोष्टींतून होते, हे एका प्लेटवर दाखवता येते. ९६ खणांच्या प्लेटमध्ये कडेच्या खणांतले पाणी लवकर उडते, तिथली तीव्रता वाढते आणि कडेची एन्झाइमे उगाच हुशार दिसतात. पॉलिस्टायरीनची प्लेट डायमिथाइलफॉर्ममाइडमध्ये मऊ पडते, म्हणून द्रावक असला की पॉलिप्रोपिलीनचीच प्लेट घ्यावी लागते. आयसोप्रोपिलअमाइन ३२ अंशांना उकळते. पीएच वाढला की मुक्त अमाइन हवेत जाते आणि प्लेटच्या एका टोकाला अभिक्रियेतली एक सामग्रीच कमी पडते. झाकण घट्ट लावले तर अॅसिटोन आत कोंडते आणि उलट अभिक्रिया सुरू होते. ई. कोलायच्या अर्कात त्याची स्वतःची एस्टरेजे आणि कीटोरिडक्टेजेही (कीटोनचे अल्कोहोल करणारी एन्झाइमे) असतात. म्हणून रिकाम्या प्लाझ्मिडची (जनुक जिवाणूत नेणाऱ्या डीएनए कड्याची) वसाहत प्रत्येक प्लेटवर हवीच, नाहीतर जिवाणूच्या कामाचे श्रेय आपल्या जनुकाला दिले जाते.

आणि मग गोंगाट, म्हणजे मोजमापातले आपोआप होणारे चढउतार. एकाच एन्झाइमच्या ९० खणांचे आकडे १५ टक्क्यांनी इकडेतिकडे होत असतील, आणि हे चांगल्या हाताचे काम झाले, तर एकही सुधारणा नसताना सर्वांत वरचा खण सरासरीपेक्षा सुमारे ३५ टक्के जास्त दिसतो. ही निव्वळ संख्याशास्त्राची करामत आहे. त्यामुळे पहिल्या वाचनात १.३ पट दिसणाऱ्या नमुन्यावर उड्या मारणारी प्रयोगशाळा तीन-चार फेऱ्यांनी मूळ जागीच असते. प्रत्येक प्लेटवर मूळ एन्झाइमचे चार तरी खण, वर आलेल्या नमुन्यांची तीन-चारदा नव्याने वाढ करून पुन्हा चाचणी, प्लाझ्मिड नव्या पेशीत घालून पुन्हा एकदा चाचणी, आणि मगच अनुक्रम वाचायला पाठवायचा, ही शिस्त रोबो विकत घेऊन येत नाही.

ग्रंथालयाचा, म्हणजे बदललेल्या नमुन्यांच्या संचाचा, आकारही छाननीच्या ताकदीनुसार ठरतो. एका जागी सगळी २० अमिनो आम्ले तपासायची तर एनएनके नावाचे ३२ कोडॉन (जनुकातले तीन अक्षरी शब्द) वापरतात, आणि त्यातला कोणताही एक ठरावीक कोडॉन एकदा तरी हाती येण्याची ९५ टक्के खात्री हवी असेल तर सुमारे ९४ वसाहती उचलाव्या लागतात. म्हणजे जवळपास एक प्लेट. दोन जागा एकदम बदलल्या की हाच आकडा ३००० च्या वर जातो आणि तीन जागांना लाखाच्या जवळ. आता दोन रूपे वेगळी करणाऱ्या कायरल एचपीएलसी यंत्रावर एक नमुना पाच मिनिटांचा धरला, तर ३००० नमुन्यांना २५० तास लागतात. यंत्र रात्रंदिवस चालले तरी दहा दिवसांहून जास्त. त्याच दोन जागांसाठी एनडीटी हे १२ कोडॉन घेतले, तर ध्रुवीय, अध्रुवीय, आम्लधर्मी, अल्कधर्मी अशी सर्व प्रकारची १२ अमिनो आम्ले मिळतात आणि सुमारे ४३० वसाहतींत काम भागते, म्हणजे एचपीएलसीचे ३६ तास. आठ अमिनो आम्ले सोडून द्यावी लागतात, पण महिन्याला एकाऐवजी चार फेऱ्या होऊ शकतात. माझे मत विचाराल तर बहुतेक वेळा दुसराच मार्ग शहाणपणाचा असतो, कारण उत्क्रांतीत एका फेरीतल्या परिपूर्णतेपेक्षा फेऱ्यांची संख्या अधिक देते.

इथे हमखास एक आक्षेप येतो. प्रथिनांची रचना आता संगणक सांगतो, २०२४ चा रसायनशास्त्राचा नोबेल त्याच कामाला मिळाला, मग इतकी चाळण करायचीच कशाला? संगणकाने सुरुवात चांगली मिळते, हे खरे. कोणत्या जागा बदलायच्या, हे ठरवायला रचना फार उपयोगी पडते, आणि शंभर-दोनशे नमुन्यांच्या मोजमापांवर शिकवलेले मॉडेल पुढच्या फेरीत कोणते बदल एकत्र करावेत तेही सुचवते. कोडेक्सिसने अॅटोर्व्हास्टॅटिन या कोलेस्टेरॉलवरच्या औषधाच्या बाजूच्या साखळीसाठी हॅलोहायड्रिन डिहॅलोजनेज सुमारे ४००० पट सुधारले, त्यात अशीच संख्याशास्त्रीय मॉडेले वापरली होती. पण मॉडेलला खाऊ घालायचे ते आकडे छाननीतूनच येतात. संगणकावर पूर्णपणे नव्याने रचलेली, केम्प एलिमिनेशन या चाचणीच्या अभिक्रियेची एन्झाइमे सुरुवातीला मंदच होती. त्यातल्या एकाला नैसर्गिक एन्झाइमच्या तोडीची गती यायला १७ फेऱ्यांची निर्देशित उत्क्रांती लागली, हे २०१३ साली प्रसिद्ध झाले. ५० टक्के डीएमएसओ, ४५ अंश आणि २०० ग्रॅम कीटोन या गर्दीत प्रथिन चोवीस तास टिकेल का, हे रचना पाहून आज कोणी सांगू शकत नाही. वाईट छाननीवर शिकवलेले मॉडेल चुकीचे उत्तर अधिक आत्मविश्वासाने देते, एवढाच फरक. म्हणून जैव-एआय केंद्राला जेवढा पैसा, तेवढाच त्याच्या शेजारच्या मोजमापाच्या खोलीला मिळायला हवा.

दुसरा आक्षेप कारखानदारांचा असतो. परदेशी कंपन्या तयार एन्झाइमांचे संच विकतात, ९६ कीटोरिडक्टेजांचा संच मागवा, चालेल ते वापरा. छोट्या प्रमाणावर आणि घाईत हा मार्ग योग्यच आहे. पण संचातून मिळते ते जवळपासचे एन्झाइम. त्याचा अनुक्रम विक्रेत्याकडे राहतो, सुधारणा करायची तर त्याच्याच दारात जावे लागते आणि दरही तोच ठरवतो. आकडेमोड साधी आहे. सिटाग्लिप्टिनच्या पद्धतीत २०० ग्रॅमला ६ ग्रॅम, म्हणजे किलोभर कीटोनला ३० ग्रॅम एन्झाइम लागते. समजा एन्झाइम किलोला २०,००० रुपये पडले, तर किलो कीटोनमागे ६०० रुपये. तेच एन्झाइम सहा फेऱ्या आधीचे असते आणि दहापट लागले असते, तर ६,००० रुपये. जेनेरिक औषधाच्या व्यवसायात या फरकावर मार्ग निवडला जातो किंवा टाकला जातो. ज्याच्याकडे पुढच्या सहा फेऱ्या करण्याची सोय नाही, तो नेहमी महागाच्या टोकाला उभा असतो.

मोठ्या देशी कंपन्यांकडे ही सोय हळूहळू येते आहे. प्रश्न उरतो तो तारापूर, महाड, लोटे, रोहा, कुरकुंभ, पाताळगंगा इथल्या मध्यम आणि लहान कारखान्यांचा, जिथे औषधांची मध्यवर्ती रसायने बनतात. या राज्याला एन्झाइम नवे नाहीत. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. पेनिसिलिनपासून ६-एपीए (अर्धकृत्रिम पेनिसिलिनांचा गाभा) काढताना एके काळी फॉस्फरस पेंटाक्लोराइड, डायक्लोरोमिथेन आणि उणे ४० अंश तापमान लागे. पेनिसिलिन अॅसायलेजने तेच काम पाण्यात, ३७ अंशांच्या आसपास होऊ लागले. पेनिसिलिन व्ही अॅसायलेजची स्फटिकरचना पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या गटाच्या सहभागाने १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली. औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रहही तिथेच आहे. मुंबईत रासायनिक तंत्रज्ञानाची संस्था आयसीटी आहे, पुण्यात विज्ञान शिक्षण व संशोधनाची संस्था आयसर आहे. ज्ञान, जिवाणू आणि गिऱ्हाईक दीडशे-दोनशे किलोमीटरच्या टापूत आहेत. मधली छाननीची पायरी मात्र कारखान्याला परवडणारी नाही आणि प्रयोगशाळेला शोधनिबंधासाठी आकर्षक वाटत नाही, म्हणून ती कोणाचीच होत नाही. सार्वजनिक पैसा नेमका अशा जागी लागायला हवा.

औषधांच्या कच्च्या मालासाठी २०२० साली आलेल्या ६,९४० कोटींच्या उत्पादनाधारित प्रोत्साहन योजनेत किण्वनाने बनणाऱ्या मालाला सुरुवातीच्या वर्षांत विक्रीच्या २० टक्के आणि रासायनिक संश्लेषणाच्या मालाला १० टक्के प्रोत्साहन ठेवले होते. पेनिसिलिन जीसारख्या मालासाठी ते गरजेचेच होते. पण विकलेल्या मालावर पैसे देणारी योजना ज्याच्याकडे पद्धत आधीच तयार आहे त्यालाच उपयोगी पडते. पद्धत घडवण्याच्या दोन-तीन वर्षांत तिचा काही आधार नसतो.

आता हरितपणाबद्दल, कारण या विषयावर सर्वांत जास्त सैल बोलले जाते ते तिथे. एन्झाइम आले म्हणजे प्रदूषण गेले, असे होत नाही. सिटाग्लिप्टिनमध्ये कचरा १९ टक्क्यांनी घटला. हा आकडा चांगला आहे, चमत्कार नाही. अभिक्रियेनंतरच्या पाण्यात प्रथिने, शर्करा, बफर आणि द्रावक असतात, म्हणून त्याचा सीओडी (प्रदूषणाचे ऑक्सिजनच्या मागणीतले माप) चढा असतो आणि वायुवीजनाच्या टाकीत फेस येतो. डीएमएसओ १८९ अंशांना उकळते, ते पाण्यातून परत मिळवायला भरपूर वाफ लागते. ते न काढता सामूहिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रात सोडले, तर ऑक्सिजन कमी असलेल्या भागात जिवाणू त्याचे डायमिथाइल सल्फाइड करतात आणि सडलेल्या कोबीसारखा वास आसपासच्या गावांपर्यंत जातो. कीटोरिडक्टेजला लागणारा सहघटक नॅडपीएच परत भरण्यासाठी ग्लुकोज डिहायड्रोजनेज वापरले, तर प्रत्येक मोल उत्पादनामागे एक मोल ग्लुकॉनिक आम्ल तयार होते, त्यासाठी सोडा ओतत राहावा लागतो आणि ते सगळे मीठ पाण्यातच जाते. आयसोप्रोपॅनॉल चालवून घेणारे कीटोरिडक्टेज घडवले तर हे टळते, आणि ते घडवणे पुन्हा छाननीचेच काम. मला वाटते, सरकारी मदत घेणाऱ्या प्रत्येक प्रकल्पाने किलो उत्पादनामागे पाणी, सीओडी आणि द्रावक यांचे आकडे जुन्या पद्धतीशेजारी मांडावेत. 'हरित' हा शब्द त्यानंतर वापरावा.

सगळीकडे एन्झाइम घुसवण्याचाही माझा आग्रह नाही. सुझुकी जोडणी ही कार्बन-कार्बन बंध जोडणारी अभिक्रिया पॅलेडियमच्या अगदी अल्प मात्रेत छान चालते, तिथे वर्षे घालवू नयेत. दोन रूपे स्वस्त आम्लाबरोबर स्फटिक करून सुटत असतील आणि नको असलेले रूप परत वापरता येत असेल, तर तेच करावे. उत्पादन पाण्यात मिसळणारे आणि स्वस्त असेल, तर पाणी उडवण्याच्या खर्चातच फायदा बुडतो. कायरल अमाइन, कायरल अल्कोहोल, एका ठरावीक कार्बनवरचे ऑक्सिडीकरण आणि संरक्षक गटांची साखळी टाळता येण्याजोगे न्यूक्लिओसाइड, अशा ठिकाणी एन्झाइमची बाजू भक्कम आहे. मर्कने इस्लाट्राविर या एचआयव्हीविरोधी औषधासाठी नऊ एन्झाइमांची मालिका लावून ५१ टक्के एकूण उतारा मिळवला, त्यातली पाच घडवलेली होती. हे २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले.

मग करायचे काय? रासायनिक पट्ट्यांना जवळ पडतील अशी दोन-तीन छाननी केंद्रे, सरकारी प्रयोगशाळेच्या आवारात पण तिच्या संशोधनापासून हिशेबाने वेगळी. तिथे प्लेट भरणारे साधे यंत्र एक असले तरी चालेल. कायरल एचपीएलसी आणि एलसी-एमएस ही मोजमापाची यंत्रे मात्र अनेक हवीत आणि ती दुरुस्त ठेवणारा कायम नोकरीतला तंत्रज्ञ हवा, कारण अशी केंद्रे बंद पडतात ती बहुतेक वेळा पंपाच्या सीलसाठी आणि स्तंभासाठी पैसे नसल्याने. कारखान्याने खरा सबस्ट्रेट (ज्यावर एन्झाइमने काम करायचे तो पदार्थ) शंभर-दोनशे ग्रॅम द्यायचा, अशुद्धीसकट, जसा रिअॅक्टरमधून येतो तसा. शुद्ध केलेल्या नमुन्यावर चाललेले एन्झाइम आधीच्या टप्प्यातल्या उरलेल्या धातूने किंवा अॅल्डिहाइडने बंद पडते, ही नेहमीची गोष्ट आहे. अनुक्रमाची मालकी करारात आधीच लिहायची. यशाचे माप शोधनिबंधांची संख्या नसावे. लिटरला किती ग्रॅम, किती एन्झाइममध्ये, किती तासांत, एवढे तीन आकडे पुरे आहेत.

जनुक बदललेल्या जिवाणूंवर काम करायचे तर १९८९ च्या नियमांनुसार संस्थेची जैवसुरक्षा समिती लागते. लहान कारखाना त्या धास्तीनेच मागे हटतो. केंद्राने जिवंत जिवाणू आपल्याकडे ठेवून कारखान्याला पेशीमुक्त अर्काची पावडर दिली, तर ही अडचण बरीच हलकी होते. ती पावडर उघडी हाताळू नये, हेही सांगायला हवे. एन्झाइमची धूळ श्वासातून गेली की दम्यासारखी अॅलर्जी जडू शकते, डिटर्जंट उद्योगाने हे अनेक दशकांपूर्वी अनुभवले आहे. दाणेदार किंवा राळेवर बसवलेले एन्झाइम द्यावे, नाहीतर द्रवरूपात.

आणि शिक्षण. एम.एस्सी. सेंद्रिय रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकात एन्झाइम आले तर फार तर बेकर्स यीस्टने एखाद्या कीटो एस्टरचे क्षपण होते. त्या जागी एका सत्राचा छोटा प्रकल्प सहज बसतो. एका एस्टरेजचे प्लाझ्मिड, एका जागेसाठी एनएनके प्राइमरची जोडी, पूर्ण प्लाझ्मिडचा पीसीआर, मूळ साचा नष्ट करायला डीपीएनआय एन्झाइम, मग ई. कोलायच्या बीएल२१ पेशी. डीपीएनआयला पुरेसा वेळ दिला नाही, तर उचललेल्या बहुतेक वसाहती मूळच्याच निघतात, म्हणून आधी सर्व वसाहती एकत्र करून एक अनुक्रम वाचायचा. बदललेल्या कोडॉनच्या पहिल्या दोन जागी चारही अक्षरांची आणि तिसऱ्या जागी जी व टी या दोनच अक्षरांची शिखरे दिसली तरच पुढे जायचे. ८८ वसाहती, मूळ एन्झाइमचे चार खण, रिकाम्या प्लाझ्मिडचे दोन, नुसत्या बफरचे दोन. ८८ वसाहतींत कोणताही एक कोडॉन हाती येण्याची शक्यता ९४ टक्के असते, आणि हा हिशेब विद्यार्थ्यांनी स्वतः करावा. रात्रभर वाढ, एन्झाइम बनवायला लावणारे आयपीटीजी, पेशी फोडणारे लायसोझाइम, पिवळा रंग, ४०५ नॅनोमीटर. वर आलेले पाच नमुने पुन्हा वाढवून तीन-तीनदा तपासायचे. शेवटच्या दोन आठवड्यांत तेच पाच नमुने एका साध्या मिथाइल एस्टरवर लावून जीसीवर (गॅस क्रोमॅटोग्राफवर) मोजायचे आणि दोन्ही क्रमवाऱ्या शेजारीशेजारी मांडायच्या. दोन्हींत वरचे नाव एकच येत नसेल, तर तो प्रयोग फसला असे धरू नये, पूर्ण गुण द्यावेत आणि तोंडी परीक्षेत त्याचे कारण विचारावे.